आधी माझा घास

सातारा-सांगलीहून परत आल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय काय खाल्लंत तिकडे?" तिकडची मिसळ, तिकडचा खर्डा, पाटावर थापलेली ज्वारीची भाकरी, यांची ख्याती घाट उतरून आमच्याकडेही आलेली आहे. मी सांगते, सगळं खाल्लं, पण एकेकच घास. ऐकणाऱ्याला वाटतं बाई डाएटवर आहे. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी जितक्या हॉटेलांच्या पायऱ्या चढले तितक्या जन्मात चढले नव्हते, आणि इतकी उपाशीही कुठून परतले नव्हते.

झालं असं की माझ्या मुलीला, केतकीला, शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही किंवा पित्त होतं असं नव्हे. बालवाडीत असताना कुणीतरी चिक्कीचा तुकडा दिला. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. त्या दिवसापासून आमच्या घरात शेंगदाणा आलेला नाही. बाहेर खायचं तर आधी माझा घास, मग तिचा, हा नियम. माझ्या जिभेला शेंगदाणा कुठेही लपलेला असला तरी कळतो. कोकणात हे निभावलं, कारण आमच्याकडे जे काही पडतं ते खोबरं पडतं.

मग केतकीला बँकेत नोकरी लागली. आधी काही दिवस साताऱ्याला प्रशिक्षण आणि नंतर नेमणूक सांगलीजवळ, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत. नेमणुकीचं कळलं तेव्हा नवऱ्याने पेढे आणले आणि मी नकाशा उघडून बसले. अख्ख्या महाराष्ट्रात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय ज्यांचं पान हलत नाही, नेमक्या त्या माणसांत पोर निघाली होती. मी घरात जाहीर करून टाकलं, "मी जाते बरोबर. तिला बिनधोक जेवता येईल अशी जागा मिळाली तर ठेवून येते. नाही मिळाली तर घेऊन येते."

"नोकरी सोडून?" केतकीने विचारलं.

"हो."

तिने गाडीची किल्ली घेतली आणि बॅगा ठेवायला खाली गेली.

सातारा

कुंभार्ली घाट चढताना मी तिला सूचना देत होते आणि ती नुसतं "हं" म्हणत होती. गाडी तीच चालवत होती, म्हणून मीही जास्त ताणलं नाही. पाटण मागे पडलं, उंब्रजला हमरस्ता लागला आणि दुतर्फा पाट्या सुरू झाल्या. 'अस्सल गावरान', 'चुलीवरचं', आणि सगळ्यात जास्त, 'आमच्याकडे लाकडी घाण्याचं शेंगतेल वापरले जाते'. दुसऱ्या कुणाला हे वाचून भूक लागली असती. मला प्रत्येक पाटी धोक्याच्या बोर्डासारखी वाटत होती.

साताऱ्यात पहिल्या सकाळी एस. टी. स्टँडजवळच्या एका मिसळीच्या हॉटेलात गेलो. गर्दी दांडगी, वास असा की मेलेला माणूस उठून बसावा. वाढणारा गृहस्थ माझ्याच वयाचा, कपाळाला अष्टगंध लावलेला. मी विचारलं, "मिसळीत शेंगदाणे आहेत का हो?"

"न्हाई ताई. मिसळीत कुठं शेंगदाणं असत्यात?"

त्याने इतक्या सरळ तोंडाने सांगितलं की मला बरं वाटलं. मिसळ आली. मी चमचाभर रस्सा तोंडात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "अहो, ह्यात कूट आहे."

"कूट हाय की. त्याबिगर दाटपना कुठनं यायचा?"

"मग शेंगदाणे नाहीत म्हणालात ते?"

"शेंगदाणं न्हाईतच ताई. कूट हाय." तो मला लहान मुलाला समजावावं तसं समजावत होता, आणि त्याच्या मनात खोट अजिबात नव्हती. त्या मुलखात कूट ही वेगळी सांगायची वस्तूच नाही हे मला हळूहळू कळलं. भाजीत मीठ आहे का असं कुणी विचारतं का? तसंच ते. शेंगदाणा म्हणजे गुळाबरोबर मुठीने खायचा तो. एकदा कुटला की तो मोजणीतून बाद. आमच्याकडेही कुणी नारळ घातलाय का विचारलं तर मी पटकन नाही म्हणेन, आणि वरून खोबरं भुरभुरलेलं असेल.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. शेंगदाणे, कूट, शेंगतेल, असे तिन्ही शब्द एका दमात विचारायचे. दुपारच्या खानावळीत भरल्या वांग्यात कूट. संध्याकाळी भेंडी मागवली, म्हटलं भेंडीत काय घालणार, तर तिच्यावरही कूट. खर्डा तर विचारायलाच नको. प्रत्येक ठिकाणी मी एक घास घ्यायची, मान हलवायची आणि ताट माझ्याकडे ओढायची. मग भीतीने माझीही भूक मरून जायची. केतकी दही-भात खायची, तोही मी दह्याचं भांडं कुठून आणलं ते बघून आल्यावर. आजूबाजूची माणसं बघत. एका बाईने तर हळूच विचारलं, "सून हाय व्हय?" आधी स्वतः खाऊन मग दुसरीला देणारी म्हणजे सासूच, असा तिचा हिशेब.

कंदी पेढ्यांच्या दुकानात तरी सुटका होईल असं वाटलं. दुकानदाराने पेढा उचलला तो हात त्याआधी चिक्कीच्या परातीत होता, हे मी बघितलं आणि केतकीचा पुढे आलेला हात धरला. ती दुकानाबाहेर येऊन म्हणाली, "आई, मला तिथे माझ्याबरोबर प्रशिक्षणाला असलेले दोघंजण दिसले. उद्या मी त्यांच्यासोबत बसणार आहे."

"मग बस की."

"त्यांनी बघितलं तू माझा हात कसा धरलास ते." एवढं बोलून ती पुढे चालायला लागली. मला वाईट वाटलं, पण हात धरल्याचं नाही.

उंब्रज

प्रशिक्षण संपलं आणि आम्ही सांगलीकडे निघालो. सकाळपासून केतकीच्या पोटात बिस्किटांशिवाय काही नव्हतं. उंब्रजच्या अलीकडे रस्त्याला लागून एक हॉटेल दिसलं, पुढे कडुनिंब, त्याखाली खाटा. मालकाला सगळे आबा म्हणत होते. साठीचे, धिप्पाड, गळ्यात टॉवेल. मी माझे तीन शब्द म्हटले आणि का विचारते तेही सांगितलं.

आबा म्हणाले, "आवं ताई, माझ्या दारातनं पोरगी उपाशी जाईल व्हय? तुमी आत या. तुमच्या डोळ्यादेखत करतो."

आणि खरंच केलं त्यांनी. समोरच्या दुकानातून सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी आणली. नवी कढई काढली, ती मी स्वतः घासली. मोड आलेल्या मटकीचा रस्सा, कुटाशिवाय, फक्त कांदा, लसूण, तिखट आणि सुकं खोबरं. आचारी म्हणाला, "पानी पानी लागंल बघा." मी म्हटलं, लागू दे. मी चाखलं. साफ होतं. गरम भाकरी, दही आणि तो मटकीचा रस्सा केतकीसमोर आला तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे बघून हसून घास घेतला. माझ्या जिवात जीव आला. मी आचाऱ्याचे आभार मानायला आणि हात धुवायला मागे गेले.

परत आले तर केतकी ताटासमोर बसूनच होती, पण हात थांबलेला. ती खालचा ओठ बोटाने चाचपत होती. मी तिचं तोंड बघितलं आणि मला काही विचारावं लागलं नाही.

त्या हॉटेलात, आणि मला वाटतं त्या सगळ्या भागातच, पाहुण्याची वाटी रिकामी होऊ देत नाहीत. रस्सा मागावा लागत नाही, तो येतोच. आबा स्वतः पळी घेऊन आले होते. केतकी "नको" म्हणाली, परत "नको" म्हणाली, आणि आबांनी हसत हसत वाटी भरली. पातळ रस्सा पाहुणीला वाढल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं. म्हणून त्यांनी मोठ्या पातेल्यातला, दाट, तर्रीवाला आणला. खुद्द आबांनी वाढला म्हणताना केतकीला वाटलं, आपल्याच कढईतला आहे. मी पहिली वाटी चाखली होती. दुसरी वाटी माझ्या नियमात नव्हतीच.

ॲलर्जीची गोळी तिने आधीच जिभेवर ठेवली होती. पण इंजेक्शन माझ्या पर्समध्ये असतं, पेनासारखं, मांडीत टोचायचं, माझ्या दिराने परदेशातून मागवून दिलेलं. पर्स मी मागे मोरीजवळच्या खुंटीला अडकवून आले होते. ती आणायला धावले, परत आले, टोपण काढलं, आणि कुठलं टोक मांडीला लावायचं तेच मला आठवेना. केतकीने ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच टोचून घेतलं. मग ती खाटेवर बसली आणि डोळे मिटून मोठे श्वास घेत राहिली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहिता येत नाही. एवढंच सांगते की मी तिच्या छातीचं वर-खाली होणं बघत होते आणि दुसरं काही जगात आहे असं मला वाटत नव्हतं.

आमची गाडी आबांनीच कऱ्हाडच्या हॉस्पिटलपर्यंत नेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर टोचलंत. संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवतो. बाहेरच्या बाकावर मी आणि आबा. मी त्यांना नको ते बोलले. तुम्हाला सांगितलं होतं, डोळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं, माझी एकुलती एक मुलगी आहे. ते टॉवेलची घडी करत होते आणि मोडत होते.

"मला वाटलं पथ्य असंल ताई," ते म्हणाले. "खोकल्याला तेलकट नको म्हणत्यात, तसं. वाटीभरानं काय हुतंय वाटलं. पावण्याला पानी वाढलं म्हनून मलाच कसंतरी झालं."

"ती दोनदा नको म्हणाली."

"नको तर समदीच म्हणत्यात. आमच्याकडं लाजून म्हणत्यात. खरंच नको असंल तर वाटीवर हात धरत्यात." मग टॉवेल गळ्यात टाकून म्हणाले, "त्या पोरीला काय म्हाईत आमची पद्धत."

मला त्यांचा रागही येत होता आणि तो पुरता येतही नव्हता. त्या माणसाने माया म्हणून वाढलं होतं. मायेने वाढलेल्याला अडवायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दुष्ट माणसापासून मुलीला सांभाळणं सोपं, हे मला त्या बाकावर कळलं.

केतकीला सोडलं तेव्हा अंधार पडायला लागला होता. जवळच्याच लॉजवर खोली घेतली. मी म्हटलं, "सकाळी चिपळूण." ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तशीच म्हणाली, "सकाळी सांगली. रुजू व्हायची तारीख आहे. रुजू तर होऊ दे, मग काय ते ठरव."

कुपवाड आणि सांगली

कुपवाडच्या रस्त्यावर सकाळच्या पाळीला जाणाऱ्या दुचाकी इतक्या होत्या की केतकीने त्यांच्या मागोमाग गाडी सोडून दिली आणि आम्ही आपोआप शाखेसमोर पोचलो. ती आत गेली. मी बाहेर गाडीत बसले. काचेतून मला आतलं दिसत होतं. कुणीतरी तिला खुर्ची दिली, कुणीतरी कागदावर भडंग ओतला आणि तिच्यापुढे सरकवला. सांगलीत माणसाचं स्वागत भडंगाने होतं, आणि भडंगात शेंगदाणे मुरमुऱ्यांच्या बरोबरीने. मी गाडीचं दार उघडून उतरले. मग बघितलं की केतकी खुर्ची मागे सरकवून उभी राहिली आहे आणि सगळ्यांना काहीतरी सांगते आहे. हातवारे करून, ओठांना हात लावून. एकाने भडंगाचा कागद गुंडाळून नेला. दुसऱ्या बाईने टेबल ओल्या फडक्याने पुसलं. मी परत गाडीत बसले. माझा जीव मात्र दुपारपर्यंत टांगणीलाच होता.

जेवणाच्या जागेचा शोध मी त्याच दिवशी सुरू केला. कामगारांच्या एका खानावळीत मालक म्हणाला, "काय प्रॉब्लेम न्हाई ताई, करू की." दुसरीकडेही, "करू की." तिसऱ्या ठिकाणी मी नीट सांगायच्या आधीच, "हुतंय की." उंब्रजला जाण्याआधी हे शब्द मला गोड वाटले असते. आता जो जितक्या लवकर हो म्हणायचा तितकी मी लवकर पायरी उतरायची.

शाखेतल्या बाईंनी सांगलीच्या गावभागातल्या एका अक्कांचं नाव सुचवलं. जैन कुटुंब, शेती गावाकडे, सांगलीत हळदीचा व्यापार, आणि घरी चार-पाच डब्यांची छोटी खानावळ. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या घरातली जेवणं उरकत आली होती, कारण त्यांच्याकडे सूर्य मावळायच्या आत ताटं उचललेली लागतात. अक्कांनी आम्हाला पुढच्या सोप्यात बसवलं. सत्तरीच्या असाव्यात, बारीक, ताठ. तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "नुसतं पाणीच देतो. गूळ देणार न्हाई. आमचा गूळ आन् शेंगदाणं एका डब्यात असतंय."

त्या भागात बायकासुद्धा 'देतो', 'करतो' म्हणतात, हे मला नवं होतं. पण माझे कान टवकारले ते त्यासाठी नव्हे. शाखेतल्या बाईंनी फोनवर एकदाच सांगितलं होतं, आणि ह्या बाईने त्यावरून गुळाचा डबा आठवला होता. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, "अक्का, तुम्हीच हिचं जेवण कराल का? मी सगळं सामान वेगळं आणून देते."

"न्हाई," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं मी नीट सांगितलं नाही. मी पुन्हा सुरुवात केली.

"कळलं मला. म्हनूनच न्हाई म्हणतो," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात तेल शेंगाचं. कूट रोज लागतंय. पाट्या-वरवंट्याला, कापडाला, माझ्या हाताला लागलेलं असणार. एक दिवस चुकणार. मग?" त्यांनी केतकीकडे बघितलं. "आमच्यात कांदा-लसूण न्हाई खात. बाहेर गेलं की समदी म्हणत्यात, थोडा हाय, कळतबी न्हाई. थोडं म्हंजे काय असतंय? सोडलंय म्हंजे सोडलंय. मला कुणी थोडं म्हणलेलं चालत न्हाई, मग मी हिला कशी म्हणू?"

सबंध प्रवासात आम्हाला मिळालेला हा पहिला नकार. इतक्या माणसांनी हो म्हटल्यावर जे वाटलं नव्हतं ते त्या 'न्हाई'ने वाटलं. मला वाटलं, माझं म्हणणं कुणालातरी ऐकू गेलं.

"वरची खोली रिकामी हाय," अक्का म्हणाल्या. "ओटा हाय, नळ हाय. नवी भांडी आणा, नवा गॅस आणा. माझं एक भांडं वर जाणार न्हाई, तिचं एक खाली येणार न्हाई. ती तिचं करून खाईल."

"हिला स्वयंपाक येत नाही फारसा."

"मग शिकंल."

"आणि तुमचं लक्ष राहील ना? म्हणजे ती काय खाते, बाहेर जाते..."

"त्ये मला सांगू नका. मी म्हातारी, इसरतो. तिचं तिनं बघायचं." ह्याही गोष्टीला त्या 'करू की' म्हणाल्या नाहीत. फक्त जाताजाता केतकीला म्हणाल्या, "ती टोचायची सुई हाय म्हणं. कशी टोचायची ती मला एकदा दाव. बाकी काय मागू नगं."

दुसऱ्या दिवशी बँकेला सुट्टी होती, सकाळीच मारुती रोडला भांड्यांची खरेदी झाली. एक कुकर, एक कढई, दोन पातेली, तवा, पळी. मी मनात ठरवूनच टाकलं होतं, ते मी खोलीत सामान लावताना बोलले. "मी महिनाभर राहते. तुझा हात बसेपर्यंत. चिपळूणचं आपलं दुकान बाबा बघतील."

केतकी ओट्यावर फडकं मारत होती. "आणि मग?"

"मग जाईन."

"तू महिनाभर चाखणार आणि मी महिनाभर तुझ्या तोंडाकडे बघणार. महिना संपल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघू?" ती चिडलेली नव्हती. "उंब्रजला मला वास वेगळा आला होता, आई. दुसऱ्या वाटीचा. मी थांबले नाही, कारण तू आधी चाखलंयस हे डोक्यात होतं. मी कधी स्वतः वास घेऊन ठरवलेलंच नाही काही."

मी फडताळात कागद अंथरत राहिले. ती जे म्हणाली ते खोटं असतं तर बरं झालं असतं. पर्समधलं दुसरं इंजेक्शन काढून मी ओट्यावर ठेवलं. ती म्हणाली, "ओट्यावर नको, गरम होईल," आणि ते स्वतःच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाकून चेन लावली.

मी दुपारच्या एस. टी.ने निघाले. निघताना अक्कांना नमस्कार केला. त्यांनी वाटेसाठी काही बांधून दिलं नाही. "कूट तुमच्या हातानं तुमच्या घरात जाईल, पुन्हा ती सुट्टीला आली की तिच्या तोंडात," एवढंच म्हणाल्या. बसमध्ये शेजारच्या बाईने भाजलेल्या शेंगांची पुडी पुढे केली. मला त्या आता खायला काहीच हरकत नव्हती. मी नको म्हटलं, तिने आणखी आग्रह केला, मी पुन्हा नको म्हटलं, आणि खिडकीकडे वळले.

घरी पोचले. नवऱ्याने वरण-भात करून ठेवला होता. पानावर बसले आणि फोन वाजला. केतकीच होती.

"आई, मी जेवायला बसलेय."

"काय केलंस?"

"भात आणि मसुराची आमटी. पहिल्यांदाच केली."

"तेल कुठलं घातलंस? पिशवी फोडताना कात्री कुठली घेतलीस? मसूर सुटे आणलेस की पाकिटातले? सुटे असतील तर त्या दुकानात शेजारच्या पोत्यात..."

"पाकिटातले. आई, गार होतंय."

"बरं. जेव."

तिने फोन ठेवला नाही. तो ताटाशेजारी ठेवला असावा. पळी पातेल्याला लागल्याचा आवाज आला, मग काही नाही. माझा नवरा माझ्याकडे बघत होता. मी ताटातला हात उचलून तसाच धरून बसले होते. तिने भात कालवला असेल, घास केला असेल, वास घेतला असेल. मी कान देऊन ऐकत होते, खोकला येतो का, श्वास बदलतो का. पावणेदोनशे किलोमीटरवर ती काय खात होती ते मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायला माझी जीभ तिथे नव्हती.

मग ती म्हणाली, "खारट झालीय."

आजवर तिच्या ताटात काय कसं झालंय ते नेहमी मीच तिला सांगत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला सांगितलं.

"पाणी घाल थोडं," मी म्हटलं, "आणि एक उकळी काढ."

"नको," केतकी म्हणाली. "मी अशीच खातेय."